आपल्या संगणकाचा कारभारी कोण?

(मुरुम येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. छापताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी अध्यक्षांनी आत्ताच आपुलकीने सांगितलं. गुरुजींना पाल्हाळ खपत नसे, हे मला इथे पोचल्यापासून तीन-चार जणांनी बजावलंय. तेव्हा थेट विषयाला हात घालतो.

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सर, विषय तुम्हीच ठरवा. पण आमची पोरं एकच विचारतात बघा, विंडोज काढून दुसरं काय टाकायचं?" म्हटलं, हाच विषय. फुकट मिळणाऱ्या, युनिक्सच्या वंशातल्या इतक्या ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, आणि आपल्या सरकारची बॉस. घरच्या संगणकासाठी यातली कुठली निवडायची?

हा प्रश्न आत्ताच का उठला? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे आठ-दहा वर्षांपूर्वी पोराच्या इंजिनिअरिंगसाठी हौसेने घेतलेला लॅपटॉप चालू स्थितीत असूनही बाद ठरला. किती घरांत असा लॅपटॉप आहे? जरा हात वर करा. बघा, निम्मं सभागृह. ही मशिनं भंगारात घालायची काही गरज नाही. त्यांच्यावर काय बसवायचं, एवढाच प्रश्न आहे.

थोडा इतिहास सांगतो. थोडाच, घाबरू नका.

युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मलं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे त्याचे कर्ते. बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था. तिथून युनिक्स विद्यापीठांत गेलं आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात त्यावर एवढं काम झालं की त्याची वेगळी शाखाच तयार झाली. तीच बीएसडी. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलं की युनिक्ससारखी पण कुणाच्याही मालकीची नसलेली संपूर्ण सिस्टिम मी लिहिणार. तिचं नाव ग्नू. आणि १९९१ मध्ये हेलसिंकीतला एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, याने छंद म्हणून एक गाभा लिहिला, तो पुढे ग्नूला जोडला गेला. तो लिनक्स.

आता १९९३. हे साल उच्चारलं की या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय येतं ते मला इथून दिसतंय. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरची आणि आपल्या उमरगा-लोहाऱ्याकडची गावं झोपेतच गाडली. त्याच वर्षी तिकडे स्लॅकवेअर नावाची लिनक्स सिस्टिम आली, १६ ऑगस्टला इयान मरडॉकने डेबियनची घोषणा केली, नेटबीएसडी आलं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला फ्रीबीएसडीची पहिली आवृत्ती आली. आज आपण ज्यांच्यातून निवड करतो त्यांची मुळं अशी एका वर्षात सापडतात. आपल्याकडे त्याची खबरबात असणं शक्यच नव्हतं. तेव्हा आपण पत्रे आणि ताडपत्र्या मोजत होतो.

मग लिनक्सचं नाव सर्वतोमुखी झालं आणि बीएसडी मागे का पडली? माल कमी प्रतीचा होता का? मुळीच नाही. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने बीएसडीवाल्यांना कोर्टात खेचलं. तंटा मिटायला १९९४ उजाडलं. ज्या जमिनीवर कोर्टाची तारीख चालू आहे तिच्यावर कोण घर बांधणार? त्या दोन वर्षांत लोक लिनक्सकडे वळले ते वळलेच. खुद्द टोरवाल्ड्सने म्हटलंय की सुरुवात करताना पीसीवर चालणारी ३८६ बीएसडी हाताशी असती तर लिनक्स लिहिण्याच्या भानगडीत आपण बहुधा पडलोच नसतो.

आपला माणूस या गोष्टीत कुठे आहे? आहे, आणि जवळचा आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावर देशातली पोरं प्रोग्रॅमिंग शिकली. आपल्या शेजारच्या सोलापूरचे अच्युत गोडबोले मराठी वाचकांना लेखक म्हणून ठाऊक आहेत. त्यांनी 'ऑपरेटिंग सिस्टिम्स' नावाचं जाडजूड पाठ्यपुस्तकही लिहिलंय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्ट या मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून कुंथत चालायचं त्या काळात ती सीडी हातोहात फिरायची. पुढे पडद्यावर मराठी नीट दिसावी म्हणून लोहित नावाचे मुक्त फाँट आले, ते रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळले. तेव्हा हा परक्यांचा मामला आहे असं मनात आणू नका.

इतिहास संपला. आता मुद्द्याचं.

दुकानदाराला विचारा, पोरांना विचारा, इंटरनेटवर बघा. सगळे सांगतात ही वेगवान आहे, ती दिसायला देखणी आहे, अमुक हलकी आहे. मला विचाराल तर यातलं काहीही पहिलं बघायचं नाही. पहिलं बघायचं की हिचा कारभार कोण पाहतं. आज तुम्ही जी बसवाल तिला उद्या दुरुस्त्या कोण पाठवणार? चोरवाट सापडली तर ती कोण बुजवणार? आणि हा कारभार बदलायचा अधिकार कुणाच्या हाती?

सहकार म्हणजे काय हे मुरुमकरांना मी सांगायची गरज नाही. साखर कारखाना, पतसंस्था, सोसायटी, सगळं तुम्ही चालवलंय, चालताना पाहिलंय, आणि बुडतानाही पाहिलंय. संस्था सभासदांची आहे, एका घराची आहे, की सरकारने वरून दिलेली आहे, यावर तिचं पुढचं सगळं ठरतं हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. इथेही तेच आहे.

डेबियन ही सभासदांची संस्था. जगभरातले साधारण हजारभर स्वयंसेवक तिचे मतदार. तिला लेखी घटना आहे, प्रमुखाची निवडणूक दरवर्षी होते, आणि तिच्यामागे मालक म्हणून कुठलीही कंपनी नाही. तुम्ही म्हणाल, निवडणुका आल्या म्हणजे भांडणं आली. आलीच! डेबियनमधली भांडणं फार मोठी असतात. पण त्यातून काय निघतं ते ऐका. लॅपटॉपमधल्या वायफायच्या चिपला चालू होताना एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो बहुतेक वेळा कंपनीचा बंदिस्त माल असतो. डेबियनवाले तत्त्वाचे पक्के, त्यामुळे ते हा प्रोग्रॅम आपल्या मुख्य सीडीत घालत नसत. परिणाम काय? नवखा माणूस डेबियन बसवायचा आणि त्याचं वायफायच लागायचं नाही. वायफाय नाही तर फर्मवेअर उतरवणार कशावरून? वर्षानुवर्षं लोकांनी या एका गोष्टीपायी डेबियनला शिव्या घातल्या. शेवटी २०२२ मध्ये सभासदांनी मतदान घेतलं, ठराव झाला, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर मूळ सीडीतच मिळू लागलं. उशीर झाला हे खरं. पण निर्णय चारचौघांत झाला, का झाला हे कुणीही वाचू शकतं, आणि उद्या एखाद्या कंपनीच्या लहरीवर तो उलटणार नाही.

आता दुसरी तऱ्हा. उबुंटू, पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ ची. दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांनी स्वतःचा पैसा घालून कॅनॉनिकल ही कंपनी काढली आणि डेबियनच्याच पायावर उबुंटू उभं केलं. लिनक्स सामान्य माणसापर्यंत नेण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, ते श्रेय द्यायलाच पाहिजे. नुसता पत्ता कळवला की ते पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे! पण कंपनी ती कंपनी. २०१२ च्या आवृत्तीत संगणकावर आपलीच फाइल शोधायला गेलं की खाली अॅमेझॉनवरच्या वस्तू दिसायला लागल्या. बोंब झाली, पुढे ते बंद केलं. पण सुरू करताना सभासदांना कुणी विचारलं होतं? सभासदच नव्हते.

मोठा धडा सेंटओएसचा आहे. रेड हॅटच्या महागड्या सिस्टिमची ही फुकट जुळी बहीण, तिच्यावर जगभरचे सर्व्हर चालायचे. २०१४ मध्ये ती रेड हॅटच्या छत्राखाली गेली आणि २०१९ मध्ये रेड हॅटला आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला विकत घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ ची देखभाल २०२१ अखेर थांबणार. आधी २०२९ पर्यंतचा शब्द होता. सात-साडेसात वर्षं एका पत्रकात गेली. फेडोरा याच रेड हॅटच्या पाठबळावर चालतं. काम उत्तम आहे, त्यात नवनवीन गोष्टी सगळ्यांच्या आधी येतात. पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि एका आवृत्तीची देखभाल सुमारे तेरा महिने. आपल्या घरी दरवर्षी ही उलथापालथ कोण करत बसणार?

तिसरी तऱ्हा सरकारी. बॉस म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, सी-डॅकने केलेली, भारतीय भाषांची सोय असलेली. हेतू चांगला. पण तिचा पाया डेबियनच आहे. मग मूळ विहीर शेजारीच असताना टँकरची वाट कशाला बघायची? हे माझं मत. सी-डॅकच्या मंडळींना ते पटणार नाही आणि त्यांनी येऊन उत्तर द्यावं, मी आनंदाने ऐकीन.

राहिली बीएसडी मंडळी. यांच्याविषयी मला जिव्हाळा आहे आणि तो मी लपवत नाही. लिनक्समध्ये गाभा एकाचा, साधनं दुसऱ्याची आणि मोट बांधणारा तिसराच. फ्रीबीएसडीत गाभ्यापासून रोजच्या साधनांपर्यंतची मूळ सिस्टिम एकाच प्रकल्पात लिहिली जाते आणि तिचं हँडबुक ओळीने वाचलं तर माणूस खरोखर शिकतो. तिचं नऊ जणांचं मंडळ दर दोन वर्षांनी निवडून येतं. नेटफ्लिक्सचे चित्रपट पोचवणारे सर्व्हर हिच्यावर चालतात. अॅपलच्या मॅकमध्ये आणि सोनीच्या प्लेस्टेशन ४ मध्ये हिचा अंश आहे. मग सोनी आणि अॅपलला हा अंश आपल्या बंदिस्त मालात घालणं चाललं कसं? इथे परवान्याचा फरक येतो. लिनक्सचा परवाना म्हणतो की बदल करून वाटलंत तर तुमचा बदलही उघड करा. बीएसडीचा परवाना म्हणतो, घ्या, नाव तेवढं राहू द्या, पुढे उघडं ठेवा नाहीतर कुलूप घाला. घरी वापरणाऱ्याला या फरकाने रोजच्या कामात काही अडत नाही. पण कष्ट करणाऱ्याकडे माघारी काय येतं, यात फरक पडतो. ओपनबीएसडीवाल्यांनी १९९९ मध्ये ओपनएसएसएच आणलं. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यातूनच दूरवरून हाताळले जातात, आणि ते वापरणाऱ्या कंपन्या अब्जावधी कमावतात. त्याच ओपनबीएसडीवर जानेवारी २०१४ मध्ये वीजबिलाच्या वीस हजार डॉलरसाठी लोकांपुढे हात पसरायची वेळ आली होती. वीजबिल थकण्याचं दुःख काय असतं, ते आपल्याला निराळं सांगायला नको.

इथवरचं सांगणं एवढंच, की डेबियन सभासदांची, उबुंटू आणि फेडोरा कंपनीच्या आधाराने, बॉस सरकारची, बीएसडी छोट्या पण निष्ठावंत मंडळींची. आता तिकडचं सोडून मुरुमात येऊ. कारण उत्तम संस्थेची सिस्टिमही तुमच्या टेबलावर चालली पाहिजे ना?

टेबलावर पहिला अडथळा कोणता? प्रोसेसर? नाही हो. प्रिंटर!

आपल्या बाजारपेठेतल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जा. टेबलावर बहुधा कॅननचा एलबीपी २९०० नाहीतर एचपीचा लेझरजेट १०२० असणार. दोन्ही मजबूत आणि टोनर भरून भरून वर्षानुवर्षं चालणारी यंत्रं. पण दोन्ही मुलखाची हट्टी. कॅननचा २९०० प्रिंटरांची सर्वमान्य भाषा बोलत नाही, त्याची कॅप्ट नावाची घरगुती बोली आहे. लिनक्ससाठी त्याचा ड्रायव्हर आहे, पण तो जुना आहे. बसवताना ओळखीचा जाणकार सोबत असला तर संध्याकाळपर्यंत काम होतं. एचपीच्या १०२० ची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या पोटात स्वतःचा प्रोग्रॅमच कायम राहत नाही. दर वेळी चालू केला की संगणकाने तो त्याला पाजायचा, मग तो कागद ओढणार. लिनक्समध्ये एचपीलिप नावाची सोय आहे, ती इंटरनेटवरून एक जादा फाइल उतरवून घेते आणि मग १०२० गुमान चालतो. ती फाइल उतरवायची राहिली की लोक म्हणतात, लिनक्सवर प्रिंटर चालत नाही. नवे वायफायवाले प्रिंटर मात्र बहुतेक ड्रायव्हरशिवायच चालतात. तेव्हा प्रिंटरचा नंबर कागदावर लिहून घ्या आणि सिस्टिम निवडायच्या आधी त्याची चौकशी करा.

दुसरी गोष्ट वीज. मराठवाड्यात बसून विजेचा विचार न करता ऑपरेटिंग सिस्टिम निवडणारा माणूस पुण्यात राहत असला पाहिजे! काम चालू असताना लाइट गेली की डिस्कवर अर्धवट लिहिलेलं राहतं. लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम, ईएक्सटी-४, काय करायचंय त्याची नोंद आधी करून ठेवते. त्यामुळे लाइट आल्यावर ती नोंद बघून काही क्षणांत सावरते. फ्रीबीएसडीची झेडएफएस तर अर्धवट काही ठेवतच नाही. ओपनबीएसडीत मात्र अशी नोंद नसते. लाइट गेली की पुढच्या वेळी पूर्ण डिस्क तपासत बसते, आणि कधीकधी तुमच्याकडूनच उत्तरं मागते. सुरक्षेत ती अव्वल, पण दिवसातून दोनदा लाइट जाणाऱ्या घरात डेस्कटॉपवर ती टाकायची असेल तर आधी यूपीएस घ्या. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणणाऱ्यांनी ती बॅटरी शेवटची कधी दहा मिनिटं टिकली ते आठवावं.

तिसरी गोष्ट डेटा. घरात फायबर असेल तर हे ऐकू नका. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड-दोन जीबीत भागवणारं पोर आर्च लिनक्स घेऊन बसलं तर काय होईल? आर्चमध्ये आवृत्ती नावाची चीजच नाही, नवं आलं की लगेच उतरवायचं. दर आठवड्याला शेकडो एमबी. डेबियनच्या स्थिर शाखेत दोन वर्षं बहुतांशी सुरक्षेच्या दुरुस्त्याच येतात. पहिल्यांदा उतरवतानाही फरक पडतो. उबुंटूची अलीकडची फाइल पाच जीबीच्या वर आहे, मिंटची तीनच्या आसपास, आणि डेबियनची छोटी फाइल एका जीबीच्याही आतली. तिच्यातून आधी पाया बसतो आणि लागेल ते मागाहून घ्यायचं.

चौथी गोष्ट आपली भाषा. खरं तर इथे मला जरा रेंगाळायचंय.

या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. या सिस्टिमांत तिन्हींचे फाँट आणि कळफलक फुकट मिळतात. डेबियन बसवतानाच पहिल्या पडद्यावर भाषा विचारते आणि तिथे मराठी आहे, पुढचे प्रश्न मराठीत येतात. बसवून झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन कळफलकात मराठी इनस्क्रिप्ट जोडा. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने आखलेला हा कळफलक. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आठ दिवसांत हात बसतो. हे आत्ता पडद्यावर करून दाखवतो. आपल्या गावाचं नाव लिहू. सी दाबलं, म आला. जी दाबलं, उकार. जे, र आला. पुन्हा जी, पुन्हा सी. मुरुम. सी, जी, जे, जी, सी. आता त्याच कळा उलटीकडून दाबा. पुन्हा मुरुमच! (हशा.) हा मान उमरग्याला नाही, बरं का.

एक बारीक परीक्षा सांगतो. पडद्यावर 'दुसऱ्या' हा शब्द लिहून बघा. त्यातला र अर्ध्या चंद्रकोरीसारखा आला पाहिजे. र वर चढून रफार झाला की समजा, फाँट नाहीतर टंकनपद्धत मराठीला पुरती तयार नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. तसंच ल आणि श बघा. सिस्टिमची भाषा मराठी ठेवली तर काही फाँट हे दोन्ही आपल्या वळणाने काढतात, नाहीतर हिंदीच्या वळणाने येतात. लहान पोरांना वाचायला शिकवताना हा फरक महत्त्वाचा असतो.

आता कडू औषध. काहींनी विंडोज अजिबात सोडू नये, आणि ते मी इथे लिनक्सचा पुरस्कर्ता म्हणून सांगतोय. लग्नपत्रिका छापणारे डीटीपीवाले, ज्यांचं सगळं काम पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि श्रीलिपीत आहे, त्यांनी सोडू नये. जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये नाही. लिनक्सवर उघडला तर कॅपिटल-स्मॉल इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. रूपांतर करता येतं, पण वीस वर्षांच्या पत्रिका कोण रूपांतरित करणार? टॅलीवर हिशोब ठेवणाऱ्या दुकानदारांनी सोडू नये. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी सोडू नये, कारण बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनतं. यांनी उगाच जोशात येऊन विंडोज पुसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर रांग आणि आत कपाळाला हात.

मग राहिलं कोण? राहिले विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची पोरं, शिक्षक, लेखनवाचन करणारे, आणि हे वाचनालय. यांचं काम म्हणजे ब्राउझर, पीडीएफ, मराठी टंकन, थोडे हिशोबाचे तक्ते आणि व्हिडिओ. ते सगळं उत्तम होतं. एवढी मंडळी कमी आहेत का?

यांच्यासाठी माझा कौल ऐका. घरच्या जुन्या लॅपटॉपला, चार जीबी रॅम असेल तर, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. मिंट उबुंटूच्या पाच वर्षं देखभाल मिळणाऱ्या आवृत्तीच्या पायावर उभं आहे, दिसायला विंडोजसारखं असल्याने आजोबाही बुजत नाहीत, आणि उबुंटूचं न पटलेलं ते सरळ बाजूला ठेवतं. २०२० मध्ये कॅनॉनिकलची स्नॅप नावाची सॉफ्टवेअर बसवण्याची पद्धत मिंटने आपल्याकडे येऊ दिली नाही. रॅम दोन जीबीच असेल किंवा एकापेक्षा जास्त मशिनं सांभाळायची असतील, शाळा, वाचनालय, कॉलेजची लॅब, तर डेबियन. एकदा बसवलं की पाच वर्षं निर्धास्त. फार जुनं ३२ बिटचं मशीन असेल तर सावध, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलंय. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी मात्र अजून त्यांना दार उघडं ठेवतात. आणि ज्या पोराला खरोखर शिकायचंय, ज्याला सिस्टिम आतून बघायची खाज आहे, त्याने दुसऱ्या जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी टाकावी. लॅपटॉपवर नको. तिथे वायफायचा वेग बराच काळ मागासलेला होता, २०२४ पासून त्यांच्या फाउंडेशनने लॅपटॉपचं काम खास हाती घेतलंय, त्याची फळं अजून येतायत. आणि जाता जाता, सिस्टिम बदलायच्या आधी जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. मशीनचा जेवढा वेग त्याने वाढतो तेवढा कुठल्याही लिनक्सने वाढत नाही.

एक गोष्ट उरली, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवलीय. तिकडचा कारभारी पाहिला, इथला कारभारी कोण? अडलं तर विचारायचं कुणाला? केरळच्या शाळांत वर्षानुवर्षं लिनक्स चालतंय. तिथे नुसत्या सीडी वाटल्या नाहीत, आधी मास्तरांना शिकवलं. उलट आपल्याकडे पोरं एमएस-सीआयटीत विंडोज आणि ऑफिस शिकून बाहेर पडतात. मग गावात लिनक्स जाणणारा एकच असतो आणि तोही नोकरीला पुण्याला जातो. म्हणून मिंट आणि डेबियनमध्ये तुम्हाला ठरवता येत नसेल तर तुमच्या शेजारचा पोरगा जी वापरतो ती घ्या. मनापासून सांगतो, दोन चांगल्या सिस्टिमांतली निवड करायला ही कसोटी पुरेशी आहे. एकटं शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात, फुकट.

वाचनालयाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. मिंट आणि डेबियन भरलेले दोन पेनड्राइव्ह पुस्तकांसारखेच सभासदांना घरी न्यायला द्या, आणि शेजारी एक वही ठेवा. ज्याने ज्या मॉडेलच्या मशीनवर, ज्या प्रिंटरसह सिस्टिम बसवली, त्याने त्या वहीत तेवढं लिहावं आणि फोन नंबर द्यायची तयारी असेल तर तोही द्यावा. वर्षभरात ती वही इथल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त चाळली जाईल.

उद्या सकाळी दहा ते एक मी याच सभागृहात बसणार आहे. आपापले लॅपटॉप घेऊन या. पेनड्राइव्हवरून चालवून आधी नुसतं बघता येतं, डिस्कला हात लावावा लागत नाही. वायफाय, आवाज, मराठी आणि प्रिंटर, चारही तपासू, मगच बसवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. येताना चार्जर आणा, प्रिंटरचा नंबर लिहून आणा, आणि लग्नाचे, बारशाचे जे काही फोटो त्यात असतील त्यांची एक प्रत आज रात्रीच दुसरीकडे काढून ठेवा.